गॅरी किल्डॉल : हुकलेला एक दिवस आणि शेवटचे तीन दिवस

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना जुन्या संगणकाचा तो काळा पडदा आठवत असेल. डाव्या कोपऱ्यात इंग्रजी ‘ए’ अक्षर, त्यापुढे बाणाचे टोक आणि लुकलुकणारी रेघ. चित्रे नाहीत, माऊस नाही. आज्ञा टाइप करायची, एन्टर दाबायचे. यंत्र तेवढेच काम करी आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबे. ही खूण घरोघरी पोहोचली ती मायक्रोसॉफ्टच्या डॉसमुळे. पण तिच्यामागची मांडणी होती गॅरी किल्डॉल या प्राध्यापकाची.

किल्डॉल यांचा जन्म 19 मे 1942 रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाला. आजोबांनी तिथे खलाशांना नौकानयन शिकवणारी शाळा काढली होती, त्यामुळे शिकवणे घरातच होते. ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत आणि 1972 मध्ये त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. नखाएवढ्या चिपवर मावणारा इंटेलचा मायक्रोप्रोसेसर तेव्हा नुकताच आला होता. बहुतेकांना तो ट्रॅफिक सिग्नल किंवा कॅल्क्युलेटरपुरता वाटे. किल्डॉल यांना त्यात टेबलावर मावणारा संगणक दिसला.

अडचण होती ती माहिती साठवण्याची. त्या काळी छोट्या यंत्रांना कागदी पट्टीवर भोके पाडून माहिती द्यावी लागे. त्यांनी आठ इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह मिळवला. जॉन टोरोड या मित्राने तो संगणकाला जोडणारे सर्किट बनवले. 1974 मध्ये ही जोडणी चालली आणि ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली जन्मली.

तिच्यातील आज्ञा छोट्या आणि नेमक्या होत्या. ‘डीआयआर’ म्हटले की फाइलींची यादी, ‘टाइप’ म्हटले की फाइलीतला मजकूर पडद्यावर, ‘ईआरए’ म्हटले की फाइल पुसली. बाकीची अवजारे फ्लॉपीवर वेगळी ठेवलेली असत, लागेल तेव्हाच ती मेमरीत येत. ‘स्टॅट’ फ्लॉपीवर किती जागा उरली ते सांगे, ‘ईडी’ने मजकूर दुरुस्त करता येई, ‘पीआयपी’ एका ठिकाणची फाइल दुसरीकडे उतरवून घेई. प्रोग्रॅममधला दोष शोधणाऱ्या अवजाराचे नाव होते ‘डीडीटी’. संगणकातल्या दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा म्हणतात. किडा मारायला डीडीटी! मोठ्या संगणकांवर हे नाव आधीपासून रूढ होते, किल्डॉल यांनी ते छोट्या यंत्रावर आणले. आणि हा सगळा संसार सुरुवातीला 16 किलोबाइट मेमरीत मावत असे. आज मोबाइलवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो.

त्यांची खरी युक्ती बार्शीकरांना चटकन कळेल. 1897 मध्ये सुरू झालेली आपली बार्शी लाइट अडीच फुटी रुळांवरून धावे, मुंबईकडे जाणारी मोठी गाडी साडेपाच फुटी. म्हणून कुर्डुवाडीला माणसे आणि माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. सत्तरच्या दशकातील संगणकांचे तसेच होते. प्रत्येक कंपनीचा गेज निराळा, एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. किल्डॉल यांनी यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला ‘बायोस’ म्हटले. डबा तोच, चाके तेवढी बदलायची. मग एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर धावू लागला. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी घरातूनच कंपनी काढली. हौशी लोकांना सीपी/एम सुमारे 70 डॉलरला टपालाने मिळे.

1980 मध्ये आयबीएमची माणसे त्यांच्या दारात आली. किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन दुसऱ्या ग्राहकाकडे गेले होते. गुप्ततेच्या करारावर सही करायला डोरोथी कचरल्या. पुढे बोलणी झाली, पण जुळले नाही. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीची, सीपी/एमच्याच वळणावर बेतलेली प्रणाली घेतली आणि आयबीएमला दिली. आयबीएमने नंतर किल्डॉल यांचीही प्रणाली विकायला ठेवली, पण 240 डॉलरला. डॉस 40 डॉलरला होते. लोकांनी काय घेतले हे सांगायला नको.

त्यानंतर त्यांची ओळख संधी हुकलेला माणूस एवढीच उरली. पैसा कमी नव्हता. दूरदर्शनवर त्यांनी संगणकाचा कार्यक्रम केला, सीडीवर विश्वकोश आणला. पण ती टोचणी राहिली आणि दारू वाढत गेली. त्यांच्या आठवणींचा सुरुवातीचा भाग मुलांनी 2016 मध्ये खुला केला, पुढच्या भागावर व्यसनाची छाया आहे म्हणून तो राखून ठेवला.

8 जुलै 1994 रोजी मॉन्टेरेतील एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार लागला. त्यानंतर ते दोनदा रुग्णालयात जाऊन परतले. 11 जुलैला त्यांचा मृत्यू झाला. वय 52.

इतक्या दुरून त्यांच्या मृत्यूचे निदान करणे मला शोभणार नाही. पण डोक्याला मार, मग बरे वाटणे आणि दोन-तीन दिवसांनी अघटित, हा क्रम अपघात विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचत असते, तोवर रुग्ण चालतो, बोलतो, जेवतो. दारू पिणाऱ्याला धोका दुहेरी. वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदू आक्रसतो, शिरा ताणल्या जातात, रक्त लवकर गोठत नाही. शिवाय तो गुंगीत दिसला तर घरचे म्हणतात, चढली असेल, झोपू द्या. ती झोप कधी कधी शेवटची ठरते.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर निदान 24 तास कुणीतरी जवळ असावे. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे, जागे करूनही न उठणे, झटके, एका हाता-पायाची शक्ती जाणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, यांतले एकही लक्षण दिसले तर 108 ला फोन करा. सीटी स्कॅनचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दारू प्यायलेली असेल, तर ते न लाजता सांगा. अशा रुग्णाने आणि वयस्कर माणसाने बरे वाटत असले तरी तपासून घ्यावे. वयस्करांमध्ये हा रक्तस्राव कधी काही आठवड्यांनीही उघड होतो.

किल्डॉल यांच्या कार्यालयाच्या जागेवर 2014 मध्ये गौरवाचा फलक लागला. त्याच वर्षी सीपी/एमचा जुना मूळ कोड अभ्यासासाठी खुला झाला. जगभरचे हौशी लोक आजही जुनी यंत्रे दुरुस्त करून त्यांवर ‘डीआयआर’ टाइप करतात आणि यादी पडद्यावर उमटते. हुकलेल्या त्या दिवसाची गोष्ट सगळे सांगतात. शेवटच्या तीन दिवसांची गोष्ट मात्र आपल्या घरात उपयोगी पडेल.