पंडिता रमाबाई : आज्ञापालन व प्रश्न

अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, असे शास्त्र आपणांस शिकविते. तर मग त्यांस जाब विचारण्याचा प्रसंग कधी येतो? पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून ह्याचा चांगला उलगडा होतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळी दंडक होता. तरी त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस ती विद्या शिकविली, आणि मातेने ती कन्येस दिली. दुष्काळात आईबाप निवर्तले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंस पंडिता ही पदवी दिली. १८८२ साली त्या विधवा झाल्या, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे चेल्टनहॅम येथे पुरुषांस शिकविण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. आश्रयदात्या भगिनींचाही कल तिकडेच होता. बाईंनी आपला मतभेद पत्राने उघड कळविला. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. तथापि त्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालला.

१८८९ साली बाईंनी मुंबईत शारदासदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर होता. त्याच सुमारास बाईंनी मध्यप्रांताच्या दुष्काळातून पुष्कळ अनाथ मुली आणिल्या. त्यांस शहरात ठेवू नये, असा सरकारी हुकूम झाला. हुकूम कठीण होता, पण त्याचे कारण शहराच्या आरोग्याचे होते. बाईंनी तो पाळला व मुलींस केडगावच्या शेतावर नेले. तेथेच मुक्तिसदन वाढले.

परंतु प्लेगच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे दिसताच त्याच बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी त्याच वर्षी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पत्रात आपल्या नावानिशी तक्रार लिहिली. ती विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचली. गव्हर्नर सँडहर्स्ट ह्यांनी ती खोडून काढली. त्या जून महिन्यात पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड ह्यांजवर गोळी झाडली गेली. रमाबाईंचा मार्ग निराळा होता. त्यांच्या हाती केवळ लेखणी होती.

वाचकहो, एकाच वर्षी ह्या बाईंनी एक हुकूम शिरसावंद्य मानिला आणि एका कारभारास उघड प्रश्न केला. पहिल्यात त्रास होता, तो त्यांनी सोसला. दुसऱ्यात निराधार स्त्रियांचा अपमान होता, तो त्यांस सोसवेना. आपली गैरसोय झाली म्हणून कुरकुर करणारे गावोगाव आढळतात; दुबळ्यांसाठी स्वतःचे नाव घालून बोलणारे थोडे. मंडळीतील वडील असो की सरकारी अंमलदार असो, त्याजपुढे उभे राहण्यापूर्वी आपण कोणासाठी बोलत आहो, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूमध्ये निजल्या.