विष्णू नारायण भातखंडे

पंडित विष्णू नारायण भातखंडे (१० ऑगस्ट १८६०, वाळकेश्वर, मुंबई – १९ सप्टेंबर १९३६, मुंबई) हे हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक, बंदिशींचे संकलक आणि स्वरलेखनकार होते. मैफलीत जन्मणारी आणि गायकाच्या स्मरणातच टिकणारी कला लिहून ठेवणे व तिचे शास्त्र प्रत्यक्ष गायनावरून मांडणे, हे त्यांचे जीवनकार्य होय.

जीवन

भातखंडे यांनी वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले. पारशी संगीतप्रेमींनी मुंबईत स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ मध्ये दाखल झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपद आणि अली हुसेन खाँ व विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांना मिळाले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. पुढे पत्नी व एकुलत्या कन्येच्या निधनानंतर त्यांनी व्यवसाय सोडला आणि उर्वरित आयुष्य संगीताला वाहिले.

प्रवास आणि संकलन

१९०४ मध्ये त्यांनी दक्षिण भारताचा दौरा केला. तेथील ७२ मेळांच्या पद्धतीचा त्यांच्या विचारांवर प्रभाव पडला. पुढील वर्षांत नागपूर, कोलकाता, अलाहाबाद, बनारस आदी ठिकाणी जाऊन त्यांनी गायकांशी चर्चा केली व जुन्या ग्रंथांचा शोध घेतला.

त्या काळी बंदिश ही घराण्याची ठेव मानली जाई आणि शिष्याखेरीज इतरांना ती सहसा दिली जात नसे. ती गोळा करण्यासाठी भातखंडे यांनी अनेक उस्तादांकडे शिष्य म्हणून तालीम घेतली. जयपूरच्या मनरंग घराण्यातील आशिक अली व अहमद अली या बंधूंच्या बंदिशी त्यांनी फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित केल्या. रामपूरचे वजीर खाँ यांच्या परंपरेचाही त्यांना लाभ झाला.

ग्रंथ आणि स्वरलेखन

‘चतुरपंडित’ या नावाने त्यांनी श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरू-शिष्यांच्या संवादरूपात आहे. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत सुमारे १,८०० बंदिशी आहेत.

त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर टिंब, तर समेसाठी गुणिले चिन्ह असते. रागांची मांडणी त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत केली.

परिषदा आणि संस्था

त्यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोदा येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तीत गायक-वादक आणि विद्वान एकत्र आले. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. मॅरिस कॉलेजचेच पुढे विद्यापीठ झाले आणि त्याला भातखंडे यांचे नाव देण्यात आले.

मूल्यमापन

अनेक राग दहा थाटांत नीट बसत नाहीत, हा या पद्धतीवरील नेहमीचा आक्षेप आहे. लिखित बंदिशीत गायकाची स्वर लावण्याची रीत, आंदोलने आणि ऐन वेळचा विस्तार उतरत नाही. त्यामुळे गुरुमुखातून मिळणाऱ्या तालमीची जागा पुस्तक घेऊ शकत नाही, असेही अभ्यासक म्हणतात. परंपरागत उस्तादांविषयीच्या त्यांच्या कठोर मतांवरही अलीकडे टीका झाली आहे. मात्र वारस नसलेल्या गायकाबरोबर नाहीशा झाल्या असत्या अशा रचना त्यांच्या संग्रहामुळे टिकल्या आणि घराण्याबाहेरील विद्यार्थ्यांनाही त्या शिकता आल्या.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला. १९३६ मध्ये गणेश चतुर्थीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. क्रमिक पुस्तक मालिकेचे अखेरचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.