पाटीवरची रमा आणि ससूनची वाट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला फोन करून 'आवडते व्यक्तिमत्त्व' या सदरासाठी लेख मागितला, तेव्हा त्यांना माझ्याकडून एखाद्या संगणकवाल्याचं नाव अपेक्षित असावं. मी रमाबाई रानडे म्हटल्यावर पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग विचारणा झाली, ती मालिकेतलीच का? हो, तीच. 'उंच माझा झोका'मुळे आपल्या सगळ्यांच्या घरात पोचलेली, पाटी घेऊन बसलेली छोटी रमा. पण मला लिहायचं आहे ते तिच्या पन्नाशीजवळच्या दिवसांबद्दल आणि त्यामागे माझं स्वतःचं एक जुनं देणं आहे. ते पुढे येईलच.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावातला. माहेरचं नाव यमुना कुर्लेकर. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच देवराष्ट्र्यातला, हे स्पर्धा परीक्षा दिलेल्यांना पाठ असेल.) कुर्लेकरांच्या घरात मुलींना अक्षर शिकवायची पद्धत नव्हती. १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, यावरून तेव्हाही लोक बोलले आणि आजही बोलतात. बोलावंच. मात्र लग्न होताच त्यांनी तिच्या हाती पाटी दिली, हेही तितकंच खरं.

घरातल्या बायकांना ते रुचलं नाही. टोमणे, अबोला, रागराग हे सगळं तिने एकत्र कुटुंबात राहून सोसलं. आधी मराठी, मग इंग्रजी. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरली. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्या सभांना जाऊ लागली आणि त्याबद्दल घरी आणखी बोलणी खाल्ली. हा भाग मालिकेमुळे तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर पुढे जाते.

फक्त एक थांबा आपल्या गावाचा. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं होतं, शंकरन नायर अध्यक्ष होते. काँग्रेसबरोबर रानड्यांची सामाजिक परिषदही भरत असे. जुनं ते सगळं जसंच्या तसं परत आणू म्हणणाऱ्यांना, जुनं म्हणजे नेमकं कोणत्या काळातलं, असा पेच टाकणारं त्यांचं गाजलेलं भाषण याच अमरावतीच्या परिषदेतलं. सात वर्षं आपण त्या गावात इतिहास शिकलो आणि हे मला पुण्यात आल्यावर कळलं. इतिहासाच्या सरांनी रागावू नये, कदाचित त्या दिवशी मी वर्गाबाहेर उभी असेन!

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. शेवटच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली होती. नंतर त्या मुंबई सोडून पुण्याच्या वाड्यात आल्या आणि जवळजवळ वर्षभर कोणातही मिसळल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडू लागल्या, येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, त्याचं अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, सोबतीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरू लागले. लिहिणं-वाचणं, शिवण, शिक्षिकांचं शिक्षण आणि नर्सिंग.

माझा लेख खरा इथून सुरू होतो.

नर्सिंग म्हणजे त्या काळी काय, हे आधी लक्षात घ्या. बाळंतपणं करणाऱ्या सुइणी बहुधा खालच्या समजल्या गेलेल्या जातींतल्या आणि रुग्णालयातल्या नर्सेस बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, पुरुष रुग्णांच्या वॉर्डात वावरायचं, रात्रपाळी करायची. सोवळ्याओवळ्याच्या घरात यातलं एकेक कामही घरातून हाकलायला पुरेसं होतं. (शुश्रूषेचा विषय निघाला की सावित्रीबाई फुल्यांचं नाव आधी घ्यायला हवं. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या. पण ते एका मोठ्या मनाच्या बाईचं बलिदान होतं. चारचौघींना त्यातून पगाराची नोकरी कशी मिळावी, हा वेगळा प्रश्न.)

आणि याच घरांमध्ये बालविधवा होत्या. केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या, स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला आयुष्य काढणाऱ्या. रमाबाईंनी या मुलींना ससून रुग्णालयात शिकायला पाठवलं. रुग्णालयात राबत राबतच शिकायचं, अशी ती पद्धत. लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या शाळेने १८६० पासून रुळवलेली हीच पद्धत: आधी उमेदवार म्हणून वॉर्डात काम, राहायची-जेवायची सोय, हाती थोडे पैसे आणि हात बसला की नर्स. उमेदवारीने सुतार तयार होतो, शिंपी तयार होतो, तशीच नर्स.

माझ्या धंद्याच्या नजरेतून मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. रमाबाईंनी नुसता वर्ग काढला नाही, तर उमेदवार नर्सेससाठी वेगळं वसतिगृह काढलं. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलींसाठी आणखी वेगळं. २००३ मध्ये मला पुण्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा बाबांनी पगार नंतर विचारला. आधी विचारलं, रात्री घरी कशी येशील? कंपनीची कॅब आहे म्हटल्यावर त्यांचा होकार आला. माझी इंजिनिअरिंगची पदवी होती, पण मला घराबाहेर काढलं ते त्या कॅबने. रमाबाईंचं वसतिगृह म्हणजे त्या मुलींची कॅब. कोणाच्या नजरेखाली राहणार, काय खाणार, सोबत कोण, सुटीत कुठे जाणार याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठला बाप किंवा सासरा पोरीला ससूनला जाऊ देणार होता? आणि जबाबदारी घेणारी बाई कोण, तर न्यायमूर्ती रानड्यांची विधवा. रमाबाईंनी स्वतःचा पेहराव, राहणी साधी आणि जुन्या वळणाची ठेवली. काही सुधारकांना ते खटकत असेल. मला तो हिशेबीपणा वाटतो, चांगल्या अर्थाने. त्यांच्याकडे बघून घरच्यांना भीती वाटत नसे.

तरी समाज सोपा नव्हता. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात एक तरुण विधवा डोक्यावरून पदर घेऊन बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो उडवली. आभार मानायला उभ्या राहिलेल्या रमाबाई एरवी शांत, पण त्या दिवशी कडाडल्या. तुम्हाला सुशिक्षित तरी कसं म्हणायचं, असं त्यांनी त्या मुलांना भर सभेत विचारलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपला वर्ग आठवला. आठवी ब, १९९४.

माझी आत्या तेविसाव्या वर्षी विधवा झाली, अकोल्याजवळच्या एका खेड्यात. सासरचे ठेवून घ्यायला तयार नव्हते, माहेरी आजोबांची चार एकर कोरडवाहू. गावच्या मास्तरांनी सांगितलं म्हणून ती सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या ट्रेनिंगला लागली. दरमहा थोडं विद्यावेतन मिळे आणि राहायला होस्टेल होतं, म्हणूनच जमलं. आजोबा मात्र नातेवाइकांना कित्येक वर्षं ती शिवणक्लासला आहे असंच सांगत. पुढे तिची धारणीकडे बदली झाली. मेळघाटातल्या वाड्या-वस्त्यांवर पायी फिरून तिने किती बाळंतपणं केली, याचा तिने कधी हिशेब ठेवला नाही.

आठवीत पालकसभेला आई आजारी होती म्हणून आत्या आली, थेट ड्यूटीवरून, पांढऱ्या साडीत. मधल्या सुटीत पोरींनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, डॉक्टर आहे. एकीने लगेच तिला आजीच्या सांधेदुखीवर गोळी विचारली. आत्या हसून म्हणाली की ती नर्स आहे, गोळी डॉक्टरांना विचार. पोरी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. मी आत्याशी दोन दिवस बोलले नाही. तिने कारण विचारलं नाही. तिला कळलंच असणार.

त्याच वर्गात आणखी एक जण होती, जिचं गणित दहावीला राहिलं आणि ऑक्टोबरला निघालं. आपण सगळे सायन्स, कॉमर्स करत असताना ती एएनएमला गेली. आपल्यापैकी कोणी तिची चौकशी केली नाही, मीही नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्यात कोरोना उसळला, पुन्हा लॉकडाऊन लागलं आणि बाबा दवाखान्यात भरती झाले. मी पुण्यात अडकलेली. तिसऱ्या रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. वॉर्डातून तीच बोलत होती, आडनावावरून तिने ओळखलं होतं. पुढचे अकरा दिवस ड्यूटी संपली की ती फोन करायची, ऑक्सिजन किती, जेवले किती. एकदा बाबांच्या कानाला फोन धरून उभी राहिली. बाबा घरी आले. ती तेव्हा कंत्राटी होती, कित्येक वर्षांपासून. तिने नाव छापू नको म्हणून बजावलं आहे, म्हणून छापत नाही. तिला ओळखणारे ओळखतील.

रमाबाईंनी आणखी बरंच केलं. १९१० मध्ये आलेलं त्यांचं आठवणींचं पुस्तक मराठीतल्या बायकांच्या आत्मकथांमध्ये मानाचं आहे. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी त्या पुण्यात लढल्या, बायकांच्या मताधिकारासाठीही. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं. पुण्यात लक्ष्मी रोडवरून जाताना सेवासदनची पाटी दिसते, खाली साड्यांच्या खरेदीची गर्दी. मीही वर्षानुवर्षं मान वर न करता तिथून गेले आहे. आपल्याकडच्या डफरीन आणि अकोल्याच्या लेडी हार्डिंगला व्हाइसरॉयांच्या बायकांची नावं आहेत आणि आपण ती रिक्षावाल्याला रोज सांगतो. रमाबाईंच्या नावाचा रिक्षास्टॉप मला अजून सापडलेला नाही.

आत्या आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, गुडघे धरतात, पण मेळाव्याला मी तिला घेऊन येते आहे. आठवी ब च्या मुलींनो, तिला भेटा. फक्त डॉक्टर म्हणू नका, ती आजही लगेच चूक दुरुस्त करते.