खिदिरपूरचा मधुसूदन

मायकेल मधुसूदन दत्त (१८२४–१८७३) यांनी बालपणी सागरदांडीस आईकडून रामायण-महाभारत ऐकले; पुढे ते वडिलांच्या खिदिरपूर येथील घरी आले. हिंदू कॉलेजात इंग्रजी कवी होण्याच्या ध्यासापायी त्यांनी बंगालीस तुच्छ लेखिले. १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारताच खिदिरपूरचे घर दुरावले. मद्रासेत प्रसिद्ध केलेले इंग्रजी काव्य (१८४९) वाचून बेथून यांनी स्वभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. १८५६ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर दडपलेली मातृभाषा ‘शर्मिष्ठा’ (१८५९) नाटकात प्रकटली. ‘मेघनादवध’ (१८६१) काव्यात आईचे रामायण आणि मिल्टनच्या धर्तीचा निर्यमक छंद एकत्र नांदले. सहानुभूती मात्र पराभूत राक्षसकुलास लाभली. नाकारलेले स्वत्व त्यांनी असे आपलेसे केले. ‘मायकेल’ हे नावही टाकले नाही.