परदेशांत रुजलेली सेवा : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

संकटांत सांपडलेल्या शेजाऱ्याच्या हांकेस धांवून जाणें हा मनुष्याचा स्वाभाविक धर्म आहे. कोल्हापुरास ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत पंचगंगेस महापूर आला, तेव्हां शहरांतील तालमींचे व मंडळांचे तरुण पाण्यांत उतरले आणि घरोघर चुली पेटवून पूरग्रस्तांसाठीं भाकऱ्या भाजल्या गेल्या, हें मंगळवार पेठेंतील आईबापांस नव्यानें सांगावयास नको. परंतु हांक जर हजारों मैलांवरून, जेथील भाषा आपणांस येत नाहीं आणि जेथें आपल्या ओळखीचें एकही माणूस नाहीं अशा मुलखांतून आली, तर काय करावें? तेथें नुसती कळकळ पुरी पडत नाहीं. बोलावणें कोणाचें, पैसा कोठून आणावयाचा, माणसें कोणतीं निवडावयाचीं, सरकारचे परवाने कसे मिळवावयाचे, मुक्काम कोठें करावयाचा, आणि आपण परत फिरल्यावर तें काम कोणाच्या हातीं सोपवावयाचें, या सर्वांचा विचार आधीं करावा लागतो. रेड क्रॉससारख्या आंतरराष्ट्रीय संस्था नव्या देशांत आपलें ठाणें उघडतात, तेव्हां त्यांस हेंच गणित मांडावें लागतें. तें गणित युद्धाच्या वणव्यांत प्राण पणास लावून सोडविणारा एक तरुण आपल्याच महाराष्ट्रांत जन्मास आला होता. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं मननपूर्वक वाचावें असें आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापूर येथें एका मध्यमवर्गीय कुटुंबांत झाला. सोलापूर हें गिरण्यांचें गांव, आणि त्यांचे वडीलही तेथील गिरणींतच नोकरीस होते. घरांत भावंडें पुष्कळ होतीं; तेव्हां श्रीमंती नव्हती, पण विद्येची आवड होती. सोलापुरांतील शिक्षण आटोपून द्वारकानाथ मुंबईस गेले आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांतून १९३६ सालीं त्यांनीं वैद्यकीची पदवी मिळविली. पुढील उच्च पदवीचा अभ्यासही त्यांनीं आरंभिला होता. गांवीं किंवा मुंबईंत दवाखाना थाटावा, चार पैसे मिळवावे, भावंडांस हातभार लावावा, हा सरळ व सुखाचा मार्ग त्यांच्यापुढें मोकळा होता. त्या मार्गानें ते गेले असते तर कोणीही त्यांस नांवें ठेविलीं नसतीं.

इतक्यांत पूर्वेकडून हांक आली. ७ जुलै १९३७ रोजीं पेकिंगजवळ जपानी व चिनी सैन्यांत चकमक झडली आणि तींतून मोठें युद्ध पेटलें. चीन देश विस्तीर्ण खरा. पण शिकलेले डॉक्टर तेथें फारच थोडे, औषधांचा दुष्काळ, आणि जखमींची गणति नाहीं. आठव्या सेनेचे सेनापति चू तेह यांनीं त्या वर्षाच्या अखेरीस पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र पाठवून औषधांची व वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस हे होते. त्यांनीं लोकांस आवाहन केलें, चीनसाठीं दिवस पाळले गेले, आणि सुमारें २२,००० रुपयांची वर्गणी जमली. जो देश स्वतःच परक्यांच्या सत्तेखालीं होता, त्यानें दुसऱ्या पीडित देशाकरितां आपल्या गांठीचा पैसा सोडावा, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पैशानंतर माणसें. पथकाचे प्रमुख म्हणून अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल यांची निवड झाली. स्पेनमधील यादवी युद्धांत त्यांनीं जखमींची सेवा केली होती, म्हणून अनुभवाचा हात पथकास लाभला. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे आणखी तिघे होते. पांचवे म्हणून ज्या डॉक्टरांची निवड झाली होती, त्यांस राजकारणाच्या संशयावरून सरकारनें पासपोर्ट नाकारला, तेव्हां त्यांच्या जागीं डॉ. विजयकुमार बसू यांस ऐन वेळीं घ्यावें लागलें. योजना कितीही चोख असो, एका कागदावांचून ती कशी अडते, याचा धडा पथकास निघण्यापूर्वींच मिळाला. कोटणीसांनीं घरीं कळवून वडिलांची संमति घेतली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं हे पांच डॉक्टर औषधें, हत्यारें व रुग्णवाहिका घेऊन ‘राजपुताना’ नांवाच्या आगबोटीनें मुंबईहून निघाले. त्याच महिन्यांत ते कँटन येथें उतरले. डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनीं त्यांचें स्वागत केलें. या थोर बाईंनीं त्याच वर्षीं हाँगकाँग येथें एक संस्था स्थापून देशोदेशींच्या सहानुभूतिदार लोकांकडून पैसा व औषधें गोळा करण्यास आरंभ केला होता. तिच्याच आधारानें पुढें चीनमध्यें आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयें चाललीं.

मुंबईंत आंखलेला बेत चीनमध्यें पाऊल ठेवतांच बदलूं लागला. पथकास प्रथम चिनी रेड क्रॉसच्या व्यवस्थेखालीं काम करावें लागलें. ते हँकाऊस पोहोंचले तों त्या शहरावर बाँब पडत होते, आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वीं तें शहर जपान्यांच्या हातीं गेलें. मग नदीच्या मार्गानें माघार घेत ते चुंगकिंगला आले. जेथें जावयाचें तो उत्तरेकडील मुलूख अद्याप दूरच होता. या मुक्कामीं पांचांनींही चिनी नांवें धारण केलीं. प्रत्येकाच्या नांवाच्या शेवटीं चीनवाचक ‘हुआ’ हें अक्षर जोडलें गेलें, आणि कोटणीस हे ‘को ति-हुआ’ झाले.

याच मुक्कामांत त्यांच्यावर वज्राघात झाला. वडील वारल्याची वार्ता सोलापुराहून आली. घरीं आई, धाकटीं भावंडें, आणि संसाराचा भार. परत फिरण्यास याहून सबळ कारण कोणतें हवें होतें? सोबत्यांनींही त्यांस परत जाण्याविषयीं सुचविलें. परंतु ज्या कामासाठीं वडिलांनीं संमति दिली, तें काम अद्याप सुरूही झालें नव्हतें. त्यांनीं दुःख गिळलें आणि उत्तरेची वाट धरली. या निर्णयाचा भार त्यांच्या कुटुंबासही सोसावा लागला, हें विसरतां कामा नये. परोपकार करणाऱ्याचें नांव होतें; त्याच्या घरच्यांचा त्याग मात्र बहुधा अबोल राहतो.

१९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनान येथें पोहोंचलें. तेथील पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहा हेंच घर, हीच शाळा आणि हेंच इस्पितळ. बाँबफेकींत गुहा सुरक्षित राहत, म्हणून रोगीही तेथेंच ठेवीत. कोटणीसांनीं येथें जें पहिलें काम अंगावर घेतलें तें चिनी भाषा शिकण्याचें. दुभाष्याच्या तोंडून रोग्याची व्यथा अर्धीच कळते, आणि जखमी माणसास धीर द्यावयाचा तर तो त्याच्याच बोलींत द्यावा लागतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. थोड्याच काळांत ते चिनी बोलूं लागले, आणि पुढें तर त्याच भाषेंत ते वर्ग चालवूं लागले.

दरम्यान पथक लहान होत चाललें. डॉ. मुखर्जी व डॉ. चोळकर १९३९ सालीं परतले. १९४० च्या आरंभीं डॉ. अटल यांसही प्रकृतीमुळें परतावें लागलें. कोटणीस व बसू हे दोघे मात्र शत्रूच्या फळ्या ओलांडून उत्तर चीनमधील आघाडीवर गेले. तेथें त्यांच्या आधीं कॅनडाचे विख्यात शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनीं काम केलें होतें. शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेली जखम विषारी होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते मरण पावले होते.

बेथ्यून यांच्या अनुभवांतील एक गोष्ट येथें सांगणें अगत्याचें आहे. १९३८ च्या सप्टेंबरांत त्यांनीं एका खेड्यांत मोठ्या हौसेनें नमुनेदार इस्पितळ उभें केलें. कांहीं आठवड्यांतच जपानी सैन्यानें तें उध्वस्त केलें. तेव्हां त्या मुलखांत इमारतींच्या भरंवशावर सेवा चालणार नाहीं, तर ती माणसांच्या भरंवशावर चालवावी लागेल, हें उघड झालें. इस्पितळ हलतें असावें. रोगी खेड्याखेड्यांतील घरांतून विखुरलेले असावे. सामान खेंचरांच्या पाठीवर मावावें. आणि शत्रु आला कीं सर्वांस डोंगरांत निघून जातां यावें. परक्या देशांत सेवेचें ठाणें आंखणाऱ्यानें आधीं तेथील जमीन ओळखावी, मग नकाशा काढावा, हाच त्याचा बोध होय.

१९४० च्या उत्तरार्धांत मोठी लढाई जुंपली तेव्हां कोटणीसांची खरी कसोटी लागली. तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांपैकीं साडेपांचशेंहून अधिकांवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या. एकदां तर सलग बहात्तर तास ते झोंपेवांचून उभे होते. साधनें तुटपुंजीं होतीं. पट्ट्या धुवून पुन्हां वापरावयाच्या आणि जें स्थानिक सुतार-लोहारांकडून करून घेतां येईल तें तेथेंच करून घ्यावयाचें, अशी तेथील रीत होती.

१९४१ च्या जानेवारींत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. एका कॅनेडियन वैद्याचें नांव, चिनी रोगी, देशोदेशींच्या लोकांची मदत, आणि मुख्य जागीं सोलापूरचा मराठी डॉक्टर, असा हा अपूर्व संयोग होता. संचालकपण म्हणजे मेजामागची खुर्ची नव्हे. सकाळीं रोगी तपासावे, दुपारीं वर्ग घ्यावे, रात्रीं दिव्याच्या उजेडांत धडे लिहावे, आणि शत्रूची मोहीम आली कीं रोग्यांसह डोंगर चढावा, असा त्यांचा दिनक्रम होता. रुग्णालयाला जोडून असलेल्या बेथ्यून वैद्यकीय शाळेंत ते शस्त्रवैद्यक शिकवीत. विद्यार्थी खेड्यांतून आलेले, कित्येकांचें शालेय शिक्षणही अपुरें. तरी त्यांना समजेल अशा भाषेंत त्यांनीं शस्त्रवैद्यकाचें एक पाठ्यपुस्तक लिहून पुरें केलें व दुसरें हातीं घेतलें. एक डॉक्टर किती जखमा शिवणार? पण त्यानें शंभर हात तयार केले तर तो गेल्यावरही त्या शिवल्या जातील, हा विचार त्यांच्या सर्व कामाच्या मुळाशीं होता.

त्या शाळेंत परिचर्येचे धडे देणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशीं १९४१ च्या नोव्हेंबरांत त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षीं जुलैमध्यें ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्यांच्या राजकीय मतांविषयीं वाचकांचे निरनिराळे विचार असूं शकतील. परंतु जखमेस पक्ष नसतो, आणि त्यांची सेवा त्या मोजमापापलीकडची आहे. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यांस पुत्र झाला. त्याचें नांव ‘यिन-हुआ’, म्हणजे भारत आणि चीन, असें ठेवण्यांत आलें.

परंतु शरीर थकलें होतें. अपुरें अन्न, अखंड श्रम आणि कडाक्याची थंडी यांनीं तें पोखरलें होतें, आणि अपस्माराचे झटके येऊं लागले होते. उपचारासाठीं आघाडी सोडून जावें असा सल्ला त्यांस मिळाला, पण काम टाकून जाण्यास ते राजी झाले नाहींत. ९ डिसेंबर १९४२ रोजीं पहांटे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तांग परगण्यांतील एका खेड्यांत त्यांचें देहावसान झालें. मुलगा तेव्हां साडेतीन महिन्यांचा होता. दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचीं पानें अर्धवट राहिलीं. डॉ. बसू पुढें १९४३ सालीं मायदेशीं परतले; पांचांपैकीं एक मात्र परतला नाहीं.

त्यांची कीर्ति घरोघर पोहोंचविण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं कोल्हापूरच्या एका सुपुत्रास आहे. कोल्हापुरांत जन्मलेल्या आणि येथेंच प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत असलेल्या व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला व कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चीनमध्यें त्यांचे अवशेष पुढें शिजियाझुआंग शहरांतील हुतात्म्यांच्या स्मारकोद्यानांत नेण्यांत आले. १९६२ सालीं भारत व चीन या देशांत युद्ध झालें, दोन्ही बाजूंचे सैनिक पडले, संबंध दुरावले. तरी त्यानंतरही चीनचे राज्यकर्ते भारतांत येत, तेव्हां कोटणीस कुटुंबियांची भेट घेत. सोलापुरांत त्यांच्या राहत्या घरीं त्यांचें स्मारक झालें आहे. राज्यांचे तह मोडतात. शुश्रूषेनें जोडलेला संबंध मात्र वैराच्या काळांतही कोठें तरी टिकून राहतो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकीं कोणी उद्यां डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी हिशेबनीस, कोणी वाहनचालक. परदेशांतील सेवाकार्यास या सर्वांची गरज असते. पण तेथें जावयाचें तर दाता म्हणून न जातां विद्यार्थी म्हणून जावें, हें कोटणीसांपासून शिकावें. प्रथम त्या लोकांची भाषा, मग त्यांची जमीन, मग त्यांचें दुःख. आणि शेवटीं आपली विद्या त्यांच्या हातीं ठेवून आपण बाजूस व्हावें. मुंबईहून नेलेलीं औषधें केव्हांच संपलीं, बावीस हजार रुपयेही केव्हांच खर्च झाले. पण सोलापूरच्या त्या तरुणानें शिकविलेले हात त्याच्या मरणानंतरही चालत राहिले. आणि पालकांसही एक नम्र विनंति आहे. आपल्या मुलानें अशा दूरच्या हांकेस ओ देण्याची इच्छा दर्शविली, तर काळजी अवश्य करावी, पुरती चौकशीही करावी. परंतु सोलापूरच्या त्या पित्यानें दिलेल्या संमतीचें स्मरण ठेवावें.