वकिलीची कमाई गावच्या विद्यापीठाला : डॉ. हरिसिंह गौर

वाशिम : आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींच्या पदवीवर आज अमरावती विद्यापीठाचं नाव असतं. हे विद्यापीठ निघालं १९८३ साली. त्याआधी पदवी नागपूरची मिळायची. त्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. हरिसिंह गौर यांची ही गोष्ट.

जन्म २६ नोव्हेंबर १८७०, गाव सागर. सागर आज मध्य प्रदेशात आहे. पण इंग्रजांच्या काळात सागर अन् वाशिम दोन्ही मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. गौरांच्या घरची परिस्थिती बेताचीच. स्कॉलरशिपवर शाळा केली, मग नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आणि तिथून थेट केंब्रिज. १८९२ मध्ये बॅरिस्टर झाले. नागपुरात वकिली जोरात चालली, पैसाही बक्कळ आला. कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. बायकांना वकिली करता यावी म्हणून कायदेमंडळात भांडले. तो कायदा १९२३ ला झाला.

१९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू गौरच. नाव दिल्लीचं मोठं, पण हाताशी कॉलेजं फक्त तीन. १९२६ पर्यंत त्यांनी ते विद्यापीठ उभं केलं. पुढं नागपूर विद्यापीठाचा कारभारही पाहिला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दोन विद्यापीठं झाली, 'सर' किताब मिळाला, वयही झालं. पण सागरच्या पोरांना मोठ्या शिक्षणासाठी अजूनही गाव सोडावं लागत होतं. ज्याच्या घरी ऐपत नाही, त्याचं शिक्षण तिथंच थांबायचं. वाशिमकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

मग गौरांनी स्वतःच्या खिशातून 20 लाख रुपये काढले. तेव्हाचे 20 लाख, आजचा हिशोब ज्याचा त्यानं लावावा! १८ जुलै १९४६ ला सागर विद्यापीठ सुरू झालं. इमारत कुठून असणार? मकरोनियातल्या लष्कराच्या जुन्या बराकीत वर्ग भरले. पंच्याहत्तरी गाठलेले गौर इथंही पहिले कुलगुरू झाले. मृत्युपत्रातही मिळकतीचा मोठा वाटा त्यांनी विद्यापीठाच्याच नावे केला.

२५ डिसेंबर १९४९ ला ते गेले. अमरावती विद्यापीठ निघालं त्याच १९८३ साली सागरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. २००९ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे.