कामाच्या हक्काचे जनक : वि. स. पागे

महाराष्ट्रातील पगारदाराच्या वेतनातून व्यवसाय कर या नावाची एक लहानशी वजावट होत असते. ती कशासाठी सुरू झाली, याची जाणीव ना कारकुनाला असते, ना प्राध्यापकाला. 1975 साली हा कर लागू झाला, तो खेड्यातील भूमिहीन मजुराला हक्काचे काम देण्याकरिता. शहरातील नोकरदाराने खेड्यातील बेकाराचे देणे लागावे, हा विचार त्यामागे होता; आणि त्या विचाराला शासकीय योजनेचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने विठ्ठल सखाराम पागे यांच्याकडे जाते.

पागे यांचा जन्म 1910 साली वाळवा तालुक्यातील बागणी या गावी झाला. हा भाग त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. शिक्षणाने ते वकील, वृत्तीने गांधीवादी आणि अंतःकरणाने संतवाङ्मयाचे उपासक होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमध्ये राहून तासगावच्या परिसरात रचनात्मक कार्याला वाहून घेतले. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्या 1960 साली ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षे, ते पद त्यांनी भूषविले.

सभापतीच्या हाती ना खाते असते, ना खजिना. पक्षीय वादापासून अलिप्त राहणे हाच त्या आसनाचा धर्म. पागे यांनी या मर्यादेचेच सामर्थ्यात रूपांतर केले. ज्याला मंत्रिपद मिळवायचे नाही, त्याच्या सूचनेकडे सत्ताधारी आणि विरोधक दोघेही संशयाने पाहत नाहीत. 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांच्या कल्पनेनुसार पहिला प्रयोग झाला. काम मागणाऱ्या ग्रामस्थाला गावाजवळच शेतीस उपकारक असे काम द्यावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ही कल्पना उचलून धरली आणि 1969 पासून काही जिल्ह्यांत पागे योजना म्हणूनच ती राबविली जाऊ लागली.

1 मे 1972 रोजी रोजगार हमी योजना जाहीर झाली आणि लगोलग राज्यावर दुष्काळाची भीषण आपत्ती कोसळली. मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या 5 कोटींच्या घरात असताना दर दहा माणसांमागे एक माणूस खडी फोडीत होता वा माती वाहत होता. या कामांनी लक्षावधी लोक जगविले, यात शंका नाही. परंतु दुष्काळी काम आणि रोजगार हमी यांत मूलभूत भेद आहे. दुष्काळ आहे की नाही, हे त्या काळी आणेवारी पाहून सरकार ठरवीत असे आणि मगच कामे निघत. हमीमध्ये मात्र गरज आहे की नाही, हे मजूर स्वतः ठरवितो. त्याचा अर्ज हीच सरकारवरील आज्ञा. पाऊस उत्तम झाला, तरी ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्यापुरता दुष्काळ असतोच, हे सत्य पागे यांनी ओळखले होते.

1977 च्या रोजगार हमी कायद्याने या सत्याला वैधानिक अधिष्ठान दिले. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते पुरवावे, न पुरविल्यास दररोज किमान एक रुपया बेकारभत्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती. स्त्री-पुरुषांना समान दर होता. एकूण खर्चाचा किमान 60 टक्के भाग अकुशल मजुरीवर पडावा, असा दंडक होता. काम कष्टाचे आणि मजुरी बेताची असल्यामुळे गरजूच तेवढे येतील आणि गरिबांची वेगळी यादी करण्याचे कारणच उरणार नाही, हे या योजनेचे अर्थशास्त्रीय मर्म होय. करांतून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर राज्य शासनाने घालावी, अशी निधीची रचना होती. 1975 ते 1980 या पाच वर्षांत राज्याने चार मुख्यमंत्री पाहिले; योजना मात्र टिकली. यातच तिच्या सर्वपक्षीय मान्यतेची खूण आहे.

योजनेतील दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली. मजुरांनी खोदलेल्या पाझर तलावांचे पाणी ज्यांच्या विहिरींना लागले, त्यांत बागायतदारच अधिक होते. खोदणाऱ्याच्या पदरी केवळ रोजंदारी पडली. 1988 मध्ये मजुरीचे दर दुपटीच्या आसपास वाढले, ते न्याय्यच होते. परंतु त्यानंतर कामांची संख्या आटली आणि मागेल त्याला काम ही प्रतिज्ञा व्यवहारात शिथिल झाली. दर वाढविला आणि दार अरुंद केले, तर हक्काचे काय उरते, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

16 मार्च 1990 रोजी पागे यांचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2005 साली, संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव डोळ्यांसमोर होता. त्या कायद्याने कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती. देशव्यापी होताना कल्पनेचा विस्तार वाढला, पण हमीला दिवसांचे कुंपण पडले, हे विसरता येत नाही.

राज्यघटनेने कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केला, परंतु तो न्यायालयात मागता येईल असा केला नाही. जे घटनेने अपेक्षिले, ते एका घटक राज्याने कायद्यात उतरविले आणि त्याकरिता लागणारा पैसा कोणी द्यावयाचा, हेही त्याच वेळी सांगितले. पैशाची तजवीज न करता दिलेली हमी म्हणजे निव्वळ आश्वासन. पुढील काळात ग्रामीण रोजगाराचे कायदे बदलोत वा त्यांची नावे बदलोत, त्यांची कसोटी एकच राहील : काम केव्हा निघावे हे मजूर ठरवितो, की सरकार? पागे यांनी आपले उत्तर विसापुरातच दिले होते.